हाफरबाखच्या हद्दीवर पाठमोरी

साम्राज्यं येतात आणि जातात, राजे मरतात, नकाशे फाटतात. पण हद्द अमर असते. मानवी संस्कृतीचा सारा डोलारा माणसाने जमिनीत रोवलेल्या पहिल्या दगडावर उभा आहे. प्रस्तुत दगड हाफरबाख आणि वीझेनलोख या दोन गावांच्या मधे होता. त्याच्या एका बाजूला बीटाचं शेत होतं आणि दुसऱ्या बाजूला, तेवढाच बदल म्हणून, बीटाचं शेत होतं.

१९७३ च्या ऑक्टोबरात एका ट्रॅक्टरने या अमर हद्दीला धक्का दिला आणि ती आडवी झाली. दगड पुन्हा उभा करायचा आणि जमलंच तर सगळ्या गावाची मोजणी उरकायची, म्हणून जिल्ह्याच्या कचेरीने गेर्लिंडला धाडलं. वय सव्वीस, पायांत गमबूट, खांद्यावर तिपाई. भुरभुर पाऊस होता. तिने तिपाई रोवली, तिच्यावरच्या मोजणीच्या दुर्बिणीला डोळा लावला... आणि दचकली. पलीकडच्या टोकाला कुणीतरी दुसरा डोळा लावला होता.

"आत काय दिसतं?" डोळ्याने विचारलं.

"एक आगाऊ माणूस. उलटा."

"मग दुर्बीण चांगली आहे. माझी आई पण हेच म्हणते."

डोळ्याच्या मागे किलियान नावाचा उंच सुतार होता. पंधराच दिवसांपूर्वी तो गावच्या सात पंचांपैकी सातवा झाला होता. या पंचांचं काम एकच, हद्दीचे दगड सांभाळणं. प्रत्येक दगडाखाली ते एक खूण पुरून ठेवतात. ती कसली, कशी ठेवलेली, हे त्या सातजणांखेरीज कुणाला ठाऊक नसतं. बायकोला नाही, पाद्र्याला नाही. दगड कुणी चोरून सरकवला तर खूण खोटं बोलत नाही. पंच जन्मभराचा असतो आणि गाव सोडून राहायला गेला की पंच राहत नाही.

"पोरी, तू आता वीझेनलोखकडे तोंड कर," दगडापाशी जमलेल्या पंचांचे मुख्य सेबाल्टआजोबा म्हणाले. ते एक्याऐंशी वर्षांचे होते आणि ऐकायचं नसेल तेव्हा बहिरे होते.

"तिकडे बघण्यासारखं काय आहे, आजोबा?"

"काही नाही. म्हणून तर."

सगळ्यात धाकट्या पंचाने खूण ठेवायची आणि बाकीच्या सहांनी त्याच्याभोवती, त्याच्याकडे पाठ करून, कडं धरायचं, असा रिवाज. गेर्लिंड पाठमोरी उभी राहिली. कंटाळा आला म्हणून गुणगुणली. मागे माती सरकल्याचा आवाज आला, दगड बसला, आणि तिच्या डोक्यात एक प्रश्न जो शिरला तो हिवाळाभर निघाला नाही.

गावाची मोजणी तीन आठवड्यांची होती. तिला सहा महिने लागले. कचेरीला तिने कळवलं की भूभाग अवघड आहे.

भूभाग तिच्याबरोबर टेप धरून चालायचा. तिने त्याला भूगोल शिकवला, त्याने तिला इतिहास.

"तुमचं गाव समुद्रापासून तीनशे अकरा मीटर उंच आहे."

"कोणत्या समुद्रापासून?"

"कुठल्याही. समुद्र सगळीकडे सारखाच असतो."

"मग आमच्या इतिहासासारखाच. स्वीडिश फौज आली, डुकरं खाऊन गेली. फ्रेंच आले, डुकरं खाऊन गेले. मग ओढ्याला पूर आला."

"आणि डुकरं?"

"या वेळी ओढ्याने नेली."

ती हसली की तो टेप सोडायचा, मग पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागे. दुपारी कुठल्यातरी बांधावर बसून ते कांद्याचा पाव खात आणि ती हळूच विषय काढी.

"मातीचं काही असतं का? नाणं? हाड?"

"गेर्लिंडबाई..."

"निदान लहान की मोठं?"

"तुम्हाला मी सांगितलं, तर उद्या माझ्या शब्दावर तुम्हीच विश्वास ठेवाल का?"

"नाही ठेवणार. पण झोप तरी लागेल."

एप्रिल आला आणि त्याच्याबरोबर म्युनिकहून बदलीचं पत्र. पगार जास्त, कचेरी मोठी, होकार-नकार सोमवारपर्यंत कळवा. उत्तर देण्याआधी तिला दोन गोष्टी कळायला हव्या होत्या: दगडाखाली काय आहे आणि किलियानच्या मनात काय आहे. दोन्ही ठिकाणी खणायची तिला परवानगी नव्हती. मौनाची शपथ हा माणूस जरा जास्तच मनावर घेत होता. बदलीचं ऐकून तो एवढंच म्हणाला, "म्युनिक... पाचशे वीस मीटर ना?"

शनिवारी, मोजणीच्या शेवटच्या दिवशी, तिने पंचांसमोर बीटाच्या शेतातला तो दगड पुन्हा मोजला. कागदापेक्षा वीतभर वीझेनलोखकडे.

"वीतभर!" सेबाल्टआजोबा कडाडले. "दुर्बिणी खोटं बोलतात, खूण नाही. उघडा रे!"

किलियानचा चेहरा चुन्यासारखा झाला. गेर्लिंडने तो बघितला, पण लगेच तिला तोंड फिरवावं लागलं. मागे दगड हलला. आजोबा कण्हत खाली बसल्याचं ऐकू आलं. माती उकरली गेली. मग पुन्हा उकरली गेली, आणखी खोल.

"किलियान," आजोबा म्हणाले. "खूण कुठाय?"

"नाही ठेवली."

"म्हणजे?"

"खिशात राहिली. घरी गेल्यावर सापडली."

सहा म्हाताऱ्यांनी एकदम श्वास घेतला. गेर्लिंडला आता निम्मं गुपित कळलं होतं: दगडाखाली काही नसतं तेव्हा काय असतं.

"चारशे वर्षांत असं झालं नाही," आजोबा म्हणाले. "सहा महिने गप्प बसलास! रिवाज ठाऊक आहे ना? चूक दगडापाशी बोलायची, कारणासकट. नाहीतर आजपासून पंचांत तू नाहीस. बोल. का विसरलास?"

"आजोबा, इथे नको... त्या उभ्या आहेत."

"त्यांची पाठ आहे!"

"तेच तर कारण आहे."

गेर्लिंडने गुणगुणणं थांबवलं. आपण गुणगुणत होतो हे तिला तेव्हा कळलं.

"तुम्ही सगळ्यांनी कडं धरलंत," किलियान म्हणाला, आधी हळू, मग एकदा सुटला तो सुटलाच. "पण तुमच्यातल्या दोघांच्या मधे फट होती. फटीतून त्या दिसत होत्या. पाऊस पडत होता, मानेवर केस चिकटले होते, आणि काहीतरी गात होत्या... बेसूर. मी हातात खूण धरून बघतच राहिलो. मग तुम्ही 'झालं का?' विचारलंत आणि मी 'झालं' म्हटलं. झालंच होतं, आजोबा. पण ते दगडाचं नव्हतं. अजून तसंच आहे. त्या म्युनिकला जाणार, आणि मी गाव सोडू शकत नाही, म्हणून बोललो नाही. संपलं."



"किलियान," गेर्लिंड वीझेनलोखला म्हणाली, "मी वळू का?"

"नाही!" सहा म्हातारे एका सुरात ओरडले.

"मग इथूनच सांगते. म्युनिकला मी नकार कळवणार आहे. आणि मी बेसूर गात नाही."

"गाता," किलियान म्हणाला. त्याचा आवाज हसत होता.

"खूण माझ्या बायकोला मरेपर्यंत कळली नाही," आजोबांनी बजावलं. "बावन्न वर्षं विचारत होती. ठाऊक आहे ना काय पत्करतेस?"

"बावन्न वर्षं विचारायला मिळणार असेल, तर चालेल."

"ऐकलंत?" आजोबा सहकाऱ्यांना म्हणाले. "कारण मंजूर आहे. पोरगा पंचांत राहील. दगड बाई सांगतील तिथे वीतभर अलीकडे घ्या, आणि या वेळी फट ठेवू नका." मग खालच्या आवाजात, "आणि कुणीतरी आधी मला हात द्या रे. गुडघा धरलाय."