अप्पांची चिमणी

"अक्का, अप्पा गेले."

विराजचा फोन आला तेव्हा मनस्विनी मारतहळ्ळीच्या फ्लॅटमधून ऑफिसला निघत होती. "बरं," म्हणाली, गॅस बंद केला आणि टॅक्सी बोलावली. बसवनगुडीला अप्पांच्या घरी पोचेपर्यंत तिला रडू आलं नाही. खरं म्हणजे काहीच आलं नाही.

अप्पा बाल्कनीत वेताच्या खुर्चीत होते. मांडीवर फळी, फळीवर कागद.

"सकाळी कॉफी दिली," विराजने, तिच्या धाकट्या भावाने, सांगितलं. "चित्र काढत बसले होते. तासाभराने बघतो तर मान कलंडलेली. मग लगेच तुला फोन केला."

मनस्विनीने अप्पांचा हात हातात घेतला. थंडगार, लाकडासारखा ताठ. मुठीतली पेन्सिल निघता निघेना. डोक्यावर दिवा जळत होता. वीज वाया घालवायची नाही ही अप्पांचीच शिकवण, म्हणून तिने तो सवयीने बंद केला. कठड्यावर पक्ष्यांच्या पाण्याची पसरट मातीची परळ कोरडी ठणठणीत होती, तळाशी वाळकं पान. हे सगळं तिला दिसलं, पण मन दगड झालेलं, आत काही शिरेना. डॉक्टर आले. हृदयाचं जुनं दुखणं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फारसं न तपासता दाखल्यावर सही केली.

कागदावर चिमणी होती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? पण या गल्लीतून चिमण्या नाहीशा होऊन बरीच वर्षं झाली होती. घारी येत, बुलबुल येत, समोरच्या झाडावर तांबट दिवसभर टुकटुक करी. निवृत्तीनंतर अप्पांनी सगळे कागदावर उतरवले. चिमणी तेवढी राहिली. तिच्यासाठी कठड्याला खोकं टांगलं, तांदळाची कणी टाकली. लेकीला सांगून ठेवलं होतं, "चिमणी दिसली की आधी तुला फोन, मग पेन्सिल. वचन."

दिवसकार्याला जो येई तो चित्रापुढे हात जोडे. क्षमाआत्याने तर डोळ्यांना पदर लावला. "भाग्यवान गं माझा अण्णा. जाता जाता चिमणीने दर्शन दिलं."

मनस्विनी मान हलवायची. आत एकच गोष्ट टोचत होती. फोन अप्पांच्या खिशातच होता. मग मला का नाही केला? चिमणी आली आणि लेक विसरली? लहान मुलासारखं होतं हे, कुणाला सांगायचीही लाज. पण त्यापलीकडे तिला दुसरं काही वाटतच नव्हतं.

तेराव्यानंतर विराज म्हणाला, "चित्राला फ्रेम करू या, अक्का. हॉलमध्ये लावू."

ते मापायला म्हणून तिने भिंतीवरच्या चित्रांशेजारी धरलं, आणि धरूनच राहिली.

भिंतीवरच्या घारीला शेपूट नव्हतं. बुलबुलाला पाय नव्हते. तांबट तर नुसता चोच आणि छाती. पक्षी उडाला की पेन्सिल खाली, हा अप्पांचा नियम. "जे दिसलं नाही ते काढायचं नाही," असं म्हणत. खोडरबर घरात नव्हतंच.

चिमणीच्या मात्र पायांची नखंसुद्धा जागच्या जागी होती. गळ्याखाली कागद खोडून खरखरीत झालेला.

ती स्वयंपाकघरात गेली. धनलक्ष्मी कामाला रोज उजाडताच यायची.

"धनलक्ष्मी, अप्पा गेले त्या दिवशी सकाळी तू का नव्हतीस?"

"विराजअण्णांचा फोन आला अक्का. आज उशिरा ये म्हणाले. सरी, बरं म्हटलं."

"कधी आला?"

"मी घरातून निघतच होते."

"अप्पा परळीत पाणी कधी भरायचे?"

"उठल्या उठल्या. कॉफीच्या आधी. माझ्यावर नाही सोडायचे कधी."

मनस्विनीने विराजला बाल्कनीत बोलावलं.

"चिमणी कुठे बसली होती?"

"इथेच. कठड्यावर."

"तू पाहिलीस?"

"नाही. अप्पांनी पाहिली."

"अप्पांनीही नाही पाहिली, विराज. ती तू काढलीस, त्यांनीच शिकवलेल्या हाताने." तिचा आवाज चढला नव्हता. "परळ कोरडी होती, म्हणजे ती सकाळ अप्पांनी बघितलीच नाही. तासाभरापूर्वी कॉफी प्यालेल्या माणसाचा हात लाकूड होत नाही. आणि दिवा. उजेडात चित्र काढायला दिवा कशाला? तो लागला तेव्हा अंधार पडत होता. अप्पा आदल्या संध्याकाळी गेले. धनलक्ष्मीला लांब ठेवलंस, कारण तुला वेळ हवा होता. फोनवर चिमणीचा फोटो ठेवून काढलीस ना? फोटो उडून जात नाही. म्हणून पायसुद्धा पूर्ण झाले."

विराज कठड्याला टेकला.

"संध्याकाळी त्यांना एकटं सोडणार नाही, असं तू मला म्हणाला होतास," ती म्हणाली. "कुठे होतास?"

"मारतहळ्ळीला. मित्राच्या नव्या फ्लॅटची पार्टी होती. तुझ्या मागच्याच गल्लीत." त्याने तोंड पुसलं. "पहाटे आलो तर हे असे बसलेले. तुला काय सांगणार होतो? वाटलं, निदान शेवटी खूश होते असं तरी सगळ्यांना वाटेल."

"त्यांनी तुला फोन केला होता?"

"नाही. देवाशप्पथ नाही. फोन बघ हवं तर."

"आणि त्यांच्या फळीवर काय होतं?"

तो आत जाऊन आपल्या बॅगेतून घडी घातलेला कागद घेऊन आला. फाडायचा धीर झाला नव्हता.

कावळा होता. संध्याकाळी घरट्याकडे परतताना क्षणभर टेकलेला. चोच, एक डोळा, पाठीची अर्धी रेघ. ती रेघ वळायच्या जागी खाली घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

मनस्विनीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. चिमणी आलीच नव्हती. मग फोन कशाला येईल? अप्पांनी वचन मोडलं नव्हतं.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. विराज जवळ आला, तिने त्याला हाताने लांब केलं.

"तुझं काय करायचं ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी आत्याला फोन लाव आणि खरं सांग. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. तो बोलत असताना ती परळ घेऊन आत गेली, ती घासली, भरून आणून कठड्यावर ठेवली. मग कावळा घेऊन फ्रेमच्या दुकानाकडे निघाली.