झाकणभर चहा

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भरदुपारची आहे. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, झंस्कारमधलं पदुम. सतरा वर्षं मी तिथल्या शाळेत शिकवतोय आणि घरमालकीण आमा यांगस्कितच्या माडीवर राहतोय. ज्याच्यावर हे बेतलं तो अंगचोक म्हणजे आमाच्या बहिणीचा मुलगा. पर्यटकांना गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आणि हिमनदी दाखवायला जीप चालवायचा.

त्याच्या चार वर्षं आधी काय झालं, ते सांगायला हवं.

ऑक्टोबरात अंगचोक आणि आमाचा एकुलता एक मुलगा तुंडुप खिंडीतून परत येत होते. तळ्याजवळ जीप घसरून खडकावर आदळली. तुंडुपचा पाय दारात चिरडला. त्याला चालणं शक्यच नव्हतं. अंगचोक मदत आणायला निघाला.

झंस्कारमध्ये निघणाऱ्याला पेला भरून देतात. त्याने एक घोट घ्यायचा, बाकीचा तसाच ठेवायचा. म्हणजे माणूस परत येतो.

तुंडुपने थर्मासच्या झाकणात मिठाचा चहा ओतला. अंगचोकने एक घोट घेतला आणि झाकण डॅशबोर्डवर ठेवलं.

"गार व्हायच्या आत येतो, नोनो," तो धाकट्या मावसभावाला म्हणाला.

"लवकर ये हां, आचो. तुझ्या या खटाऱ्यात माझा जीव रमत नाही," तुंडुप दुखण्यातही थोरल्याकडे बघून हसला.

चार वाजता अंगचोक खालच्या पहिल्या घरी पोहोचला. घरात एकटी, डोळ्यांनी अधू म्हातारी होती. गावातून माणसं आणायची तर अजून तासभराची चाल. चूल पेटलेली होती. जरा हात शेकू, म्हणून तो बसला. जवाच्या दारूचे, छांगचे, तीन पेले पोटात गेले...

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. बाहेर कमरेएवढं बर्फ.

गावात त्याने सांगितलं, बर्फाने वाट अडवली. सगळ्यांनी मानलं. ती म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली. आमाने तर अंगचोकलाच पोटाशी धरलं. "एक गेला, एक तरी उरला," म्हणाली. पुढची चार वर्षं त्याला स्वतःच्या हाताने थुकपा, कणकेचं गरम सूप, वाढत राहिली. आणि हा मान खाली घालून खात राहिला!

आता तो ऑगस्टचा दिवस.

गाडीत कलकत्त्याचे नवरा-बायको होते. सकाळी गोंपा पाहिली. तिथले म्हातारे लामा अंगचोकला बघताच म्हणाले, "काय रे, गाडी तुला वाहते की तू गाडीला? पोट बघ ते!"

"तुमच्याच लोण्याच्या चहाची कृपा, मेमे-ले."

सगळे हसले. लामांनी तिघांना चहा ओतला. अंगचोकने पेला तोंडाला लावला...

चहा गोठलेला होता.

त्या दोघांच्या पेल्यांतून वाफ येत होती. अंगचोकने आपला पेला गुपचूप खाली ठेवला.

दुपारी दोनला ते खिंडीवर पोहोचले. ऊन लख्ख होतं. खिंडीवर प्रत्येक गाडीवाला ओरडतो, "ल्हा ग्यालो!" देवांचा जय असो. नवरा-बायको खाली उतरून हौसेने ओरडले. डोंगरांनी त्यांचे आवाज परत दिले. मग अंगचोक ओरडला.

काहीच परत आलं नाही.

तो पुन्हा ओरडला. डोंगर गप्प. वाराही थांबला.

मग गाडीतून, मागच्या सीटवरून...

"आचो, चहा गार झाला."

त्याने वळून पाहिलं. सीट रिकामी होती. डॅशबोर्डवर थर्मासचं झाकण होतं. काठोकाठ नाही. एक घोट कमी. वर बर्फाची साय.

त्याने ते फेकून द्यायला एक पाय आत टाकला, आणि दार धाडकन लागलं.

पाय मध्येच होता.

नवरा-बायकोने दार ओढलं. हलेना. अंगचोक गुरासारखा ओरडत होता. शेवटी रडत म्हणाला, "सांगतो! आमाला सगळं सांगतो!"

दार आपोआप उघडलं.

पाय निळा पडला होता. ऑगस्टच्या उन्हात... हिमदंश झाल्यासारखा.

त्या नवऱ्याने गाडी चालवत त्याला पदुमला आणलं. मीच त्याला धरून स्वयंपाकघरात नेलं. आमा थुकप्यासाठी कणीक तोडत होती. अंगचोकने जमिनीवर बसून सगळं सांगितलं. छांगचे पेलेसुद्धा. आमाचा हात थांबला नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"माफ कर, आमा-ले."

"मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशीच येऊन सांगून गेला तुंडुप."



"मग चार वर्षं मला जेवू का घातलंस?"

"तू जगायला हवास म्हणून."

एकोणपन्नासाव्या दिवशी लामा मेलेल्याच्या नावाचा कागद जाळतात. मगच जीव पुढे जातो. आमाने त्या दिवशी लामांच्या हातात दुसराच कागद दिला होता, खरा लपवून ठेवला होता.

"माझ्याच पोराला मी अडकवून ठेवलंय," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

"जाळ ना तो आता! पाया पडतो तुझ्या!"

"जाळीन. तुझी चिता पेटली की तिच्यातच टाकीन."

एवढं बोलून तिने त्याच्यापुढे वाडगं ठेवलं. "खा. निवेल."

अंगचोकचा पाय घोट्यापासून कापावा लागला.

या जानेवारीत आमा गेली. कागद कुठे आहे, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगचोकने पेट्या उलथ्या केल्या, चुलीमागची माती खणली. मग कुबडी टेकत माडीवर आला. हात जोडून म्हणाला, "मास्तर-ले, तुमच्याकडे तर नाही ना?"

मी नाही म्हणालो.

आमाने जायच्या आदल्या दिवशी तो कागद माझ्याच हातात ठेवला होता. अंगचोकची चिता पेटेपर्यंत सांभाळीन, असं वचन घेतलं होतं. मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द मोडवत नाही, आणि अंगचोकचं तोंड बघवत नाही.

आता रोज दुपारी कुणीतरी एक पाय फरफटत माझा जिना चढतं. शेवटच्या पायरीवर थांबतं.

तो अंगचोक नसतो. त्याच्या कुबडीचा आवाज मला ओळखू येतो.