अर्धा पत्ता

खासगी तपास करणाऱ्या मामांच्या खोलीत ताई आल्या, तेव्हा त्यांना धड बसवतही नव्हतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांचं आधारगृह त्या चालवत. त्यातल्या एकीला त्यांनी गुपचूप दुसऱ्या घरी हलवलं होतं. काल तिचा नवरा सुरा घेऊन त्याच गल्लीत उगवला आणि एकेक दार ठोठावत सुटला. ती मागच्या भिंतीवरून उडी टाकून निसटली. मनगट मोडलं, जीव वाचला. लोकांच्या झटापटीत नवऱ्याचा फोन पडला, तो मात्र पसार झाला.

"पत्ता फक्त मला नि ड्रायव्हरला ठाऊक," ताई म्हणाल्या. "ती म्हणते, तुम्हीच मला विकलंत."

मामांचे मित्र मास्तर लगेच म्हणाले, ड्रायव्हरच असणार.

आधारगृहात ड्रायव्हर हुंदके देत सांगत होता, की सामान त्यानेच वरच्या मजल्यावर, अगदी दारापर्यंत नेलं होतं. ताईंनी पत्ता आपल्या खोलीतून ऑफिसच्या मशीनवर, म्हणजे कागदपत्रं साठवणाऱ्या संगणकावर, पाठवला होता, ब्लँकेट-साबणाच्या मागणीपाठोपाठ. मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ शांत होता. कागदपत्रं उघडायची परवानगी त्याला नव्हती. तो रोज घरून मशीनला फक्त एक शब्द पाठवी; तोच परत आला, की मशीन जागं आहे असं समजे. हल्ली नेट मात्र महिनाअखेरीआधीच संपतं, ताई पुटपुटल्या.

मामांनी नवऱ्याच्या पडलेल्या फोनवरचा निरोप वाचून दाखवला: "केट पाच, साबण, लाकडाच्या वखारीमागची गल्ली, वरच्या मज"

"ड्रायव्हरने घर दाखवलं असतं," मामा म्हणाले. "ताईंनी पूर्ण पत्ता दिला असता. माणूस फितूर झाला तर शब्द अर्ध्यात तोडत नाही, आणि पत्त्याला साबणही चिकटवत नाही. 'केट' म्हणजे ब्लँकेटचं शेपूट. हे मशीनच्या पोटातून ओरबाडलेलं आहे."

मास्तरांना काही उमगेना. मामांनी समजावलं. मशीनला येणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या माथ्यावर त्याची लांबी लिहिलेली असते. तंत्रज्ञाचा निरोप एका शब्दाचा, पण लांबी त्याने लिहिली हजार अक्षरांची; भोळ्या मशीनने मोजून न बघता हजार अक्षरं परत पाठवली. पहिला शब्द त्याचा, पुढचं सगळं मशीनच्या स्मृतीत त्याच जागेत आधी येऊन पडलेलं, ताईंनी लिहिलेलं. हवं ते सापडेपर्यंत तो हेच करत राहिला. नेट त्यातच संपलं.

तंत्रज्ञाने मान खाली घातली.

"तिचा नवरा माझा शाळेपासूनचा मित्र आहे. रडत आला होता. म्हणाला, फक्त बोलायचंय तिच्याशी."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या धावत आतल्या खोलीत गेल्या. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती पिशवी भरत होती. ताईंनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग खाली बसून पोटभर रडली.

"तुमच्यावर राग नाही आता," ती म्हणाली. "पण मी कुठे जातेय, ते तुम्हालाही नाही सांगणार."

"नकोच सांगूस," ताई म्हणाल्या, आणि पिशवीची चेन लावून दिली.