ॲनेटची बशी

हे खरं घडलंय. ज्याला पटत नसेल त्याने सकाळी दहिसरला आमच्या घरी नाश्त्याला यावं.

गेल्या वर्षीची दोन नोव्हेंबर. माझ्या आईचं, वनमालाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन अंधेरीत झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी होती. हेलपाटा कशाला, म्हणून मी तिथल्याच एका गावठाणातल्या जुन्या बंगल्यात खोली घेतली. राहणं आणि सकाळचा नाश्ता. लाकडी जिना, रंगीत काचा, अंगणात चाफा. फोटोत झकास दिसत होतं आणि होतंही तसंच.

मालकीण आयडाआंटी, सत्तरीच्या. घरात एकट्याच. संध्याकाळी त्यांनी टेबलावर खाण्याची एक बशी झाकून ठेवली.

"आज आमच्या मेलेल्यांचा दिवस. ही माझ्या बहिणीची, ॲनेटची. हात नका लावू हां. ही बशी घराबाहेर जात नाही."

सकाळी सातला आंटी चर्चला गेल्या. मी दात घासत होते.

टिक... टिक... टिक...

कपावर चमचा वाजवावा तसा आवाज. बाजूच्या बंद खोलीतून.

दुसरे पाहुणे असतील, मला वाटलं. मग आठवलं... आमच्याशिवाय कोणी उतरलंच नव्हतं.

मी बाहेर धावले. टेबलावर बशी नव्हती.

आईही नव्हती.

ती अंगणात सापडली. डोळ्यांवर काळा चष्मा, हात जोडलेले. बशी कुंपणाच्या भिंतीवर.

"आई, काय करतेस? त्यांनी नको सांगितलं होतं ना?"

"अगं, मेलेल्या माणसाचं रात्रभर घरात झाकून ठेवलंय. कावळ्याला नको घालायला?"

भिंतीवर चार कावळे बसले होते. एकही शिवत नव्हता.

आमच्या कोकणात कावळा शिवला नाही, की मेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात. मग घरच्यांनी ती पुरी करायचा शब्द द्यायचा. आईने सवयीने दिला. ज्या बाईला कधी बघितलंही नव्हतं, तिला.

"ॲनेट बाय, तुजी काय इच्छा ऱ्हवली आसात, ती मी पुरी करतलंय."

चारही कावळे एकदम बशीवर उतरले... जरासुद्धा आवाज न करता.

आतला चमचा थांबला.

आयडाआंटी फाटकात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या तिथेच पायरीवर बसल्या.

"अकरा वर्षं बिछान्यात होती ती. चमचा वाजवून बोलवायची. येईल त्या पाहुण्याला एकच सांगायची, मला इथून घेऊन चला."

त्यांनी क्रूसाची खूण केली आणि त्या रडायला लागल्या. ते रडणं सुटकेचं होतं, हे मला नंतर कळलं.

तपासणी करून आम्ही दहिसरला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे परतत होते आणि आमच्या मागच्या खोलीतून...

टिक... टिक... टिक...

"आले गं," आई म्हणाली आणि चहा घेऊन आत गेली.

तेव्हापासून रोज हेच. दिवसातून वीस वेळा. आई कुठे येत नाही, जात नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही आली नाही. वजन बारा किलो उतरलंय आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. मी त्या खोलीत जाते तेव्हा खाट रिकामी असते. फक्त गादी मधोमध दबलेली... आणि कोमट.

मी आयडाआंटींना फोन केला होता. "आता इथे शांत आहे बाय," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

काल सकाळी आईने मला जवळ बसवलं. तिचे हात काडीसारखे झालेत.

"अक्षता, मी काय आता फार दिवस नाही. माझ्यामागे हिचं कोण करणार? तू करशील ना? शब्द दे मला."

मला रडू फुटलं. शब्द न देताच मी चहा टाकायला उठले.

तोवर खोलीत चमचा वाजत होता. आईने विचारलं आणि तो थांबला... माझं उत्तर ऐकायला.

तेव्हापासून वाजलेला नाही. आई दर तासाला मला तेच विचारतेय.