गोदूबाईंचा गडगा

झेरॉक्सच्या रांगेत पुढच्या दोघांनी मृणालीला आपणहून वाट दिली. सिनेमे सोडून वकिलीची सनद घेतली त्याला पाच वर्षं झाली, तरी रत्नागिरीच्या कोर्टात ती अजून 'पिक्चरमधली ती रडणारी सून'च होती. तिसरा माणूस मात्र ढिम्म हलला नाही.

"रांग आहे, मॅडम," फायलीतून मान वर न काढता तो म्हणाला.

मृणालीला तो तिथल्या तिथे आवडला, आणि जेमतेम अर्धा तास आवडला. कारण मग कळलं, हा लांज्याचा वकील हर्षद, तिच्या अशील गोदूबाईंच्या दाव्यातला समोरच्या बाजूचा. तिने लेखी युक्तिवाद दाखल केला आणि या गृहस्थाने उत्तराला मुदत मागितली.

गोदूबाईंच्या काजूच्या बागेत त्यांच्या दिराने, लवूने, जांभ्या दगडांचा हद्दीचा गडगा चांगला सहा हात आत सरकवला होता. आजवर मृणालीचे सगळे दावे तडजोडीत मिटलेले. साक्षीदार तर उलटतपासणी झाली की सेल्फी मागायचे. या दाव्यात तिला निकालच हवा होता. एकदा निकालपत्र हातात आलं की सून गेली आणि वकीलबाई उरल्या, असं तिने मनाशी धरलं होतं.

पण हर्षद! कधी गणपती आडवे, कधी म्हणे अशील मुंबईला. मुंबईला गेलेला लवू कोर्टाबाहेर वडा खाताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. दमट उकाड्यात काळा कोट चढवून ती यायची, हर्षद हसत हसत मुदतीचा अर्ज द्यायचा, आणि... सगळ्यात संताप याचा, की त्याची खळी डाव्या गालावर पडते हे तिला आता पाठ झालं होतं.

सातव्या तारखेला गोदूबाई आणि लवू एकाच रिक्षातून उतरले.

"रागावू नको गो बाय," गोदूबाई म्हणाल्या. "देवीला कौल लावलेला. देवीनं उजवा दिलान, माझ्या बाजूनं. यानं गडगा होता तिथं परत घातलान."

मृणालीने कपाळावर हात मारला. पुन्हा तडजोड! कागदावर सही ठोकून ती तरातरा बाहेर आली आणि व्हरांड्यात हर्षदला गाठून तिने विचारलं, सहा तारखा काय हिरॉइन बघायला घेतल्या?

"तुमचा एकही पिक्चर मी पाहिलेला नाही," तो म्हणाला. "युक्तिवाद सहा वेळा वाचला. उत्तर सापडेना. शेवटी लवूला सांगितलं, या बाई तुला हरवणार, त्यापेक्षा देवीला विचार."

पाच वर्षांत असं तिच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. पडद्यावर हुकमी रडणाऱ्या मृणालीला आता डोळ्यांतलं पाणी लपवता येईना.

"खरं तर..." तो अडखळला, "हार मी पाचव्या तारखेलाच मानली होती. सहावी आपली... तुम्ही दिसाल म्हणून. आता दावाच मिटला. आता मी—म्हणजे आपण—"

सहा-सहा अर्ज खरडणारा माणूस, आणि एक साधं वाक्य पुरं करता येईना! मृणालीने चिडून डायरी उघडली.

"शनिवारी पाच वाजता, मांडवीच्या जेटीवर," लिहिता लिहिता ती म्हणाली. "मुदत मिळणार नाही."

हर्षद हसला. डाव्या गालाकडे तिने आज राजरोस पाहिलं.