त्यायची माती

मातीतलं सगळं आपल्याला कळतं, असा प्रफुलचा समज होता. चंद्रपूरला त्याची भट्टी होती, शिल्पं मुंबईपर्यंत गेली होती. २००१ च्या मे महिन्यात गोंडपिपरीजवळच्या एका गावात त्याने मातीकामाचं शिबिर घेतलं. आटलेल्या तलावाच्या तळाची काळी माती त्याने स्वतः उकरून आणली.

"काहीही घडवा, पण आतून पोकळ ठेवा आणि बुडाला भोक पाडा. नाहीतर भट्टीत फुटेल," हे त्याने दहादा बजावलं.

शिबिराला आलेल्या बायांत ताराबाई नुसतीच बसून होती. तिचा नवरा डोमा, मधलं बोट अर्धं असलेला पट्टीचा पोहणारा, दोन वर्षांपूर्वी त्याच तलावात जाळं टाकायला उतरला तो वर आलाच नाही.

"बाई, तुम्ही काही करत नाही?" प्रफुलने विचारलं.

"मले त्यायची माती भेटली नाई, भाऊ."

प्रेतालाही मातीच म्हणतात, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने हसत मोठा गोळा तिच्या हातात ठेवला. "ही घ्या की!"

ताराबाईने गोळा कपाळाला लावला आणि संध्याकाळपर्यंत डोमाचं डोकं घडवलं.

"हे आगीतून निघालं का तेरवी करतो. कुंकू पुसतो. थकली मी वाट पाहून," ती म्हणाली.

उन्हात सगळ्यांचे मातीचे बैल, दिवे आकसून खडखडीत वाळले. डोकं मात्र ओलंच. रोज सकाळी त्याच्याखाली पाणी साचलेलं असे. माती चिकट असेल, जागा दमट असेल, अशी कारणं प्रफुलकडे होती. चौथ्या दिवशी त्या पाण्यात जिवंत झिंगा वळवळत होता. त्याचं कारण त्याने शोधलं नाही.

ओलं काम भट्टीत घालू नये, हे तोच शिकवायचा. पण ताराबाईने पाय धरले. गोवऱ्या दिवसभर धगधगल्या.

सकाळी राख उपसली. बाकी सगळं लाल, शाबूत. डोकं तेवढं काळं, मऊ आणि गार.

ताराबाई पदराचं टोक कुंकवाजवळ धरून उभी होती.

प्रफुलने तारेने डोकं मधोमध चिरलं.

आत बोटांचे ओरखडे होते. बुडाच्या भोकापासून बंद टाळूपर्यंत चढत गेलेले.

"हे तुमचेच ना?"

तिने आपली बारीक बोटं त्यांवर ठेवून पाहिली. ओरखडे दुप्पट रुंद होते. टाळूपाशी चार बोटांचे ठसे रुतले होते. मधल्या बोटाचा अर्धाच.

ताराबाईने पदर खाली सोडला. कुंकू तसंच राहिलं.

"भोक वरतं पाडाले पायजे होतं, भाऊ."