तुरटी

कराडात हल्ली कुठलंच भांडण दुसरा दिवस बघत नाही. बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे भाऊबंद सकाळी एकाच टपरीवर चहा पितात, आणि कोर्टाच्या आवारात शेरडं चरतात. बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या कानामागे ज्वारीच्या दाण्याएवढा एक कण बसवतात, सक्तीने. सरकारदरबारी त्याचं नाव भावशामक. असलं नाव तोंडात कोण घोळवतंय? लोक त्याला तुरटी म्हणतात.

नाव बाकी चपखल आहे. दिवसभरात घडलेली गोष्ट आणि तिची जळजळ यांची गाठ मेंदू आपण झोपल्यावर मारतो. तुरटी ती गाठच पडू देत नाही. घटकाभराची डुलकीही पुरते. उठावं तर आठवण शाबूत आणि डंख गायब. मत्सर, सूड, डूख, सगळा गाळ तळाला. राग यायचा तेव्हा येतोच, फक्त साचत नाही. एवढ्यासाठी आपल्या कितीतरी पिढ्यांनी नवस केले असतील.

डॉ. शाल्मली देवस्थळी या तुरटीच्या जाणकार. ती काढून घ्यायची असेल तर काय करायचं, याचा नियम त्यांनीच लिहिलेला. मागणी करणाऱ्याने एक रात्र झोपायचं आणि सकाळी शांत डोक्याने पुन्हा होकार द्यायचा. रागाच्या भरात घेतलेला निर्णय कसला खरा? नियमाचं सगळीकडे कौतुक झालं होतं.

त्या दुपारी कावेरी गुंजाळ त्यांच्यासमोर येऊन बसली, तेव्हा तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि डोळे लालभडक. ती पूर्वीही येऊन गेली होती. दर खेपेला संध्याकाळी तुरटी काढा म्हणायची आणि सकाळी राहू द्या म्हणून घरी जायची. तिचा नवरा दिगंबर चिडला की हात उचलायचा. आधी कानशिलात, मग बरगडी, आता हात मोडला. दुसऱ्या दिवशी त्याचाही राग निवळलेला असायचा आणि त्याबरोबर पस्तावाही. पस्तावा हाही डंखच की! मग माणूस सुधारणार कुठून?

कावेरी दोन रात्री झोपली नव्हती. डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारत, एका हाताने भांडी घासत, उभ्या उभ्या तिने त्या काढल्या होत्या.

"हा राग मी जपून आणलाय, बाई," ती म्हणाली. "आज हा विझला तर पुढच्या वेळी मी चालत येणार नाही. मला आणतील."

शाल्मलीबाईंनी तिला नियम समजावून सांगितला. डोकं शांत असलं म्हणजे माणूस स्वतःच्या भल्याचं ठरवतो, वगैरे.

"शांत डोक्यानेच तर मी रोज त्या घरात परत जाते," कावेरी म्हणाली.

आपण दार ठेवलं खरं, पण ते ढकलायचं बळ रोज रात्री काढून घेतलं, हे बाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं आणि लाजेने त्यांचे कान तापले. नियम गेला खड्ड्यात, आजच काढू, असं त्यांनी ठरवलं. काम एकट्याने होणारं नव्हतं. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी सहकारी डॉक्टरांना फोन लावला. ते आढेवेढे घेत राहिले. बाईंनी आधी विनवलं, मग दम भरला, तेव्हा कुठे ते निघायला कबूल झाले.

बाई धावतच बाहेर आल्या. कावेरीचं डोकं भिंतीला टेकलं होतं. ती गाढ झोपली होती.

त्यांनी तिला गदागदा हलवलं. कावेरीने डोळे उघडले, क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि प्रसन्न हसली. पदर सावरत म्हणाली, "काय गाढ लागली हो! राहू द्या आता. भांड्याला भांडं लागायचंच. आणि त्यांना तरी माझ्याशिवाय कोण आहे?"

बाईंनी तिला तिचेच शब्द ऐकवले. तिला सगळे आठवत होते. ती मान डोलावत राहिली, दुसऱ्या कुणाची हकिगत ऐकावी तशी.

तिनेच फोन केला तसा दिगंबर गाडी घेऊन आला. दोन्ही रात्री त्याची झोप छान झाली होती. त्याने तिच्या गळ्यात अडकवलेली हाताची झोळी हळुवार नीट केली, तिला दार उघडून दिलं. बसताना हात दुखावला तशी कावेरीने ओठ आवळले. त्या दुखण्याला तुरटी लागू पडत नव्हती.

शाल्मलीबाई खिडकीत उभ्या राहिल्या. उद्या सकाळी नियम-समितीची बैठक होती. तिथे आपण हा नियम फाडून फेकायचा, या बाईला आज संध्याकाळीच मारहाण झाली तर तिचं पाप आपल्या माथी, असं त्या स्वतःशी घोकत होत्या. घोकता घोकता त्यांचं बोट आपोआप कानामागे गेलं. दाणा हाताला लागला.

सगळं उद्याही आठवणारच होतं. पण ते घेऊन भांडायला उठणार कोण?

त्यांनी खोलीतले सगळे दिवे लावले, गादीची खुर्ची बाहेर ढकलली, लाकडी स्टुलावर ताठ बसल्या आणि कोरा कडक चहा मागवला. बाहेर अजून ऊन होतं. चहा आला, आणि कप तोंडाला लावण्याआधीच त्यांना जांभई आली.